पानं गळालेली सावर फोटोत कशी धरायची?

शिवारवाट | रविवार, सकाळी ११.१०

नमस्कार मंडळी. बेळगावजवळच्या येळ्ळूर शिवारात आमच्या आत्याच्या शेताच्या बांधावर एक काटेसावर आहे. मार्गशीर्ष सरता सरता तिची पानं गळायला लागतात, आणि माघात लाल फुलं येईपर्यंत ती पूर्ण उघडी उभी असते. खोडातून एकाच उंचीवर चहूबाजूंनी आडव्या फांद्या निघतात, थोडं वर गेलं की दुसरा थर, मग तिसरा. देवळापुढच्या दीपमाळेसारखी दिसते. बांधावरून चालत जाताना ही रचना डोळ्यांना स्वच्छ कळते. फोटोत मात्र तिचं काळं जाळं होतं.

तीन वर्षं हेच चाललंय. जुना डीएसएलआर आहे, सोबत १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स. रस्त्यावरून काढला तर मागच्या राजहंसगडाच्या डोंगराची रेघ बरोबर फांद्यांच्या पहिल्या थरातून जाते. डावीकडे सरकलं की शेजारच्या बाभळीच्या फांद्या हिच्यात घुसतात. उजवीकडे पाण्याच्या मोटारीच्या तीन तारा. वर बघून काढला तर आकाश पांढरं फटक येतं आणि बारीक काटक्यांना जांभळी कड दिसते.

आत्याला सोप्यात लावायला या झाडाचा एक मोठा फोटो हवाय. ती लग्न होऊन आली तेव्हापासून तिने हे झाड बघितलंय, आणि या उन्हाळ्यात तिला पंच्याहत्तर पूर्ण होतील. फुलं आली की झाड वेगळंच दिसतं, म्हणून माझ्याकडे महिना-सव्वा महिनाच आहे. काय चुकतंय ते सांगा.

कॅम्पकरीण | रविवार, दुपारी १२.३५

मी फोनवरच काढते, त्यामुळे लेन्सचं मला सांगता येणार नाही. पण फोनवाल्यांसाठी एक लिहून ठेवते. उघड्या झाडाला पोर्ट्रेट मोड अजिबात लावू नका. मागचं धूसर करताना तो बारीक काटक्या मागच्या भागातच धरतो आणि पुसून टाकतो. कॅम्पात एका पांढऱ्या चाफ्याचा फोटो काढला होता, तर फांद्यांची टोकं जागोजागी गायब. साध्या मोडमध्ये आकाशावर बोट दाबून धरायचं, एक्स्पोजर लॉक झालं की बोट खाली ओढून थोडा अंधार करायचा. फोनचं एचडीआर (उजळ आणि काळे भाग जुळवणारी सोय) सावल्या उचलायला जातं तेव्हा फांद्यांभोवती उजळ वलय येतं, तेही याने बरंच कमी होतं.

खडूफळा | रविवार, दुपारी ३.०५

शिवारवाट, मी चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. कॅमेऱ्याचं कमी कळतं, झाडाचं थोडं कळतं, तेवढंच सांगतो.

तुम्ही फांद्या बघताय. जरा वेळ फांद्या सोडा आणि त्यांच्या मधलं आकाश बघा. दोन फांद्या आणि खोड यांच्यामध्ये आकाशाचा एक तुकडा अडकलेला असतो. त्याला आकार असतो, कधी त्रिकोणी, कधी कोयरीसारखा, कधी नुसती लांब चीर. पानांनी भरलेल्या झाडात हे तुकडे नसतात. पानं गळाली की सगळं झाड या तुकड्यांनी भरतं. डोळ्याला फांदी कळते ती या तुकड्यांमुळे. तुकडे मोकळे, वेगवेगळे दिसले तर झाड वाचता येतं, आणि एका फांदीवर दुसरी चढून ते बुजले तर तुम्ही म्हणता तसं जाळं होतं.

मुलांना मी हेच करायला लावायचो. जानेवारीत वर्ग मैदानात न्यायचा आणि सांगायचं, झाड काढू नका, फक्त आकाशाचे तुकडे काळ्या खडूने रंगवा. पहिली पंधरा मिनिटं सगळे गोंधळायचे. मग अचानक कागदावर पांढरं झाड उभं राहायचं, आणि ज्या मुलाला आयुष्यात झाड जमलं नाही त्यालाही ते जमायचं. एका मुलीने चित्र उलटं धरून मला दाखवलं होतं आणि म्हणाली, सर, उलटं केलं तरी झाडच दिसतंय. तिला सगळं कळलं होतं.

मोंद्रियान या डच चित्रकाराने १९११ साली करड्या रंगात एक उघडं झाड रंगवलंय. त्यात फांद्या आणि मधल्या जागा यांना सारखंच वजन आहे. त्यापुढे त्याच्या चित्रांतून झाड हळूहळू निघून गेलं आणि नुसत्या रेघा आणि चौकोन राहिले. लिओनार्दो दा विंचीनेही लिहून ठेवलंय की कुठल्याही उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी खोडाएवढी भरते. चित्र काढणाऱ्याला याचा अर्थ एवढाच, की फांदी फुटली की बारीक होते, आणि ती कुठे बारीक होते ते दिसलं पाहिजे.

तेव्हा कॅमेरा पिशवीतच ठेवा, झाडाभोवती एक पूर्ण फेरी मारा. दर पाच-सहा पावलांवर थांबून एक डोळा मिटा. एक डोळा मिटला की खोली जाते आणि कॅमेऱ्याला जसं सपाट दिसतं तसं तुम्हाला दिसतं. जिथे सगळ्यांत जास्त तुकडे मोकळे होतील तिथे दगड ठेवून या.

निपाणीकर | रविवार, रात्री ९.२०

खडूफळा सर, एक डोळा मिटण्याची युक्ती मी इतकी वर्षं फोटो काढूनही कधी वापरली नव्हती. उद्यापासून वापरणार.

शिवारवाट, जांभळी कड लेन्समुळे येते, तुमचा दोष नाही. उजळ आकाश आणि काळी काटकी एकमेकांना भिडतात तिथे स्वस्त लेन्सला रंग एका जागी आणता येत नाहीत. अ‍ॅपर्चर एफ ८ वर न्या, म्हणजे लेन्सचं भोक लहान होऊन ती बरीच कमी होईल. उरलेली रॉ (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) फाइलवर काम करताना एका टिचकीत जाते, म्हणून जेपीईजीवर भागवू नका. आकाश फटक येतं ते कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर झाडाचा काळेपणा बघून सगळं उजळ करतो म्हणून. झाड काळंच हवं असेल तर आकाशावर मीटर करा. खोडाची साल, काटे दिसायला हवेत तर मात्र काळी आकृती विसरा आणि उजेड बाजूने पडेल तेव्हाच जा.

धुक्यात उलटं होतं. मीटरला धुकं राखाडी करायचं असतं, म्हणून एक्स्पोजर एकापासून दीड स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वर न्यावं लागतं, नाहीतर सगळा फोटो मळकट येतो.

आणि २५० ची लेन्स वापरा. लांब उभं राहून जवळ ओढलेलं झाड सरळ उभं राहतं. जवळ जाऊन लेन्स १८ वर ठेवून वर बघितलं की खोड मागे कलतं.

जांबोटीचा_ऐन | सोमवार, सकाळी ७.५०

सगळ्यांना नमस्कार. फोटोपेक्षा झाडांबद्दल लिहितो, कारण इथे बरेच जण 'पानगळ' म्हणजे एकच ऋतू धरून चालतात आणि मग जानेवारीत जाऊन निराश होतात.

आपल्याकडे पानं गळतात ती प्रामुख्याने पाण्यासाठी. थंडीचा वाटा कमी. पाऊस थांबला, जमीन सुकायला लागली की झाड देठाच्या मुळाशी एक पातळ थर तयार करतं आणि पान सोडून देतं, कारण पानातूनच सगळ्यांत जास्त पाणी उडतं. त्यामुळे एकाच दिवशी ओढ्याकाठचं झाड हिरवं आणि टेकाडावरचं त्याच जातीचं झाड उघडं, हे अगदी साधं आहे. जो तो आपल्या पायाखालची ओल बघून कपडे उतरवतो.

आमच्या खानापूर-जांबोटी भागात सावर आधी उघडी होते. मोई, जिला काही ठिकाणी शेमट म्हणतात, तीही याच सुमाराला. मोईची काटकी जाड आणि बोथट असते, बोटासारखी, त्यामुळे लांबूनही फोटोत ती हरवत नाही. शिकणाऱ्याने मोईपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. पळस साधारण फुलायच्या आधी रिकामा होतो. त्याचं खोड वेडंवाकडं, आणि काटक्यांवर काळसर मखमली कळ्यांचे घोस, जवळ गेल्याशिवाय कळत नाहीत. साग सगळ्यांत उशिरा, पण एकदा गळाला की पावसाच्या तोंडापर्यंत तसाच. त्याच्या शेंड्यावर सुकलेले तुरे राहतात, त्यात गोल फळं, आणि संध्याकाळच्या आकाशावर ते जरीच्या कामासारखे दिसतात. शिरीषाच्या गवती रंगाच्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळतात. तो आवाज फोटोत येत नाही, पण शेंगांवर मागून ऊन आलं तर त्या पेटतात, तेवढं मिळवता येतं.

ऐन, ज्याला इकडे कन्नडमध्ये मत्ती म्हणतात, त्याच्याकडे मात्र सकाळच्या तिरप्या उन्हातच जा. सुसरीच्या पाठीसारखी साल. दुपारी ती सपाट दिसते, सकाळी सातला तिच्यातली प्रत्येक भेग सावली टाकते. मी या झाडाचं नाव घेऊन इथे लिहितो, त्यामागे हेच कारण आहे.

एक विनंती. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका, नुसत्या फोटोसाठीसुद्धा. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळलेल्या पाचोळ्यात विडी-काडी टाकू नका. एक ठिणगी आणि सगळं रान जातं.

कॅम्पकरीण | सोमवार, सकाळी ९.१५

'आपल्या पायाखालची ओल बघून' हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं, मामा.

एडिंबरा_अनगोळ | सोमवार, दुपारी २.४०

मी मूळची अनगोळची, आता अकरा वर्षं एडिंबरात. इथे सगळी झाडं जवळजवळ एकदम रिकामी होतात. ऑक्टोबरमध्ये पिवळं-तांबडं, आणि नोव्हेंबर संपता संपता बीच, सिकामोर, ओक सगळे उघडे. नोव्हेंबरअखेर सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम बारा अंश वर असतो आणि पावणेचारच्या सुमाराला मावळतो. म्हणजे ऊन असेल त्या दिवशी दिवसभर तिरपा उजेड. इथल्या लोकांचे उघड्या झाडांचे फोटो बघून आपण आपल्याकडे तसंच करायला जातो आणि फसतो, कारण बेळगावात जानेवारीच्या मध्याला दुपारचा सूर्य पन्नास अंशांच्या वर चढलेला असतो. आपल्याला तसा उजेड सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास, एवढाच. त्या दोन तासांसाठी घरून निघायला हवं.

अजून एक. इंग्रज संशोधक विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉटने १८४० च्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत, कागदावर फोटो उमटवण्याची त्याची पद्धत नवीन होती तेव्हा, थंडीतल्या एका ओकचा फोटो काढला. पानं नाहीत, नुसता सांगाडा. मला नेहमी वाटतं, त्या काळात एक्स्पोजरला इतका वेळ लागायचा की पानं हलून सगळं पुसट झालं असतं. उघडं झाड त्याच्यासाठी स्थिर उभं राहिलं. तो फोटो छापील स्वरूपात मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला आमच्या घरामागची चिंच आठवली, जिची पानं कधी गळायचीच नाहीत, आणि का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं.

शिवारवाट | सोमवार, रात्री १०.०५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज कामावरून येताना थेट शेतात गेलो. सरांनी सांगितल्याप्रमाणे कॅमेरा न काढता फेरी मारली.

इतकी वर्षं मी झाड फक्त रस्त्याच्या बाजूने बघत होतो, हे आज कळलं. रस्ता उंच आहे, तिथून डोंगर मध्ये येतो. पण झाडाच्या दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं पायरीपायरीने खाली उतरतात. आता भात निघालंय, मसूर वीतभर आलाय. दोन खाचरं खाली उतरून गुडघ्यावर बसलो, तर डोंगर सगळाच्या सगळा पहिल्या थराच्या खाली गेला आणि फांद्या मोकळ्या आकाशात आल्या. तिथे दगड ठेवलाय. मसुरात पाय पडू नये म्हणून बांधाच्या कडेकडेने बारा पावलं.

तारा मात्र तिथूनही दिसतात. खोडाच्या मध्यातून एक जाते. काय करू?

गोकाककर | सोमवार, रात्री १०.३०

तारा नंतर अ‍ॅपमध्ये पुसून टाका की. दोन मिनिटांचं काम आहे, कुणाला कळणारही नाही.

खडूफळा | मंगळवार, सकाळी ६.४५

गोकाककर, माझं मत वेगळं आहे. स्पर्धेसाठी वगैरे असता तर तुम्ही ठरवा म्हणालो असतो. हा फोटो आत्याबाईंच्या सोप्यात लागणार आहे. त्या रोज बघणार. त्यांच्या शेतात तारा आहेत हे त्यांना माहीत आहे. पुसलेली जागा त्यांना दिसेल.

निपाणीकर | मंगळवार, सकाळी ८.००

मी सरांच्या बाजूने. शिवाय तार बारीक काटक्यांमधून जाते, ती पुसताना काटक्याही जातात आणि तिथे एक चिकट डाग राहतो. त्यापेक्षा धुक्याची सकाळ बघा. धुक्यात तार आपोआप विरते, डोंगरही जातो, फक्त सावर उरते.

जांबोटीचा_ऐन | मंगळवार, सकाळी ८.४०

किंवा तार राहू दे आणि तिला फांदीच्या मागे लपवा. उभं राहायची जागा पाव-अर्धा फूट इकडे-तिकडे केली तर तारेची रेघ आडव्या फांदीवरच येऊन बसते. सावरीच्या फांद्या आडव्या असतात त्याचा हा फायदा. घाई न करता जमवा.

एडिंबरा_अनगोळ | मंगळवार, दुपारी ४.१०

चंद्र हवा असेल तर पौर्णिमेला जाऊ नका, आदल्या दिवशी चतुर्दशीला जा. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्यास्तालाच उगवतो, तो झाडाच्या फांद्यांत यायला आणि अंधार पडायला एकच गाठ पडते. मग झाड काळं आणि चंद्र नुसता पांढरा ठिपका. चतुर्दशीचा चंद्र पाऊणएक तास आधी वर येतो, झाडावर अजून ऊन असतं, दोघांचा उजेड जुळतो. पौषातला चंद्र पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो, हेही ध्यानात ठेवा. सकाळी सूर्य जिथे बघितलात तिथे तो येणार नाही.

शिवारवाट | दोन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.५०

उशिरा लिहितोय, पण सगळं करून बघितल्यावरच लिहायचं ठरवलं होतं. एकूण पाच सकाळी आणि दोन संध्याकाळी गेलो.

चतुर्दशीला ढग होते, चंद्राचं राहिलं. माघात पुन्हा बघेन, तोवर फुलं आली नाहीत तर.

धुक्याच्या दोन सकाळी मिळाल्या. निपाणीकर म्हणाले तसं तारा, डोंगर सगळं गेलं. फोटो देखणा आला, घरी सगळ्यांना आवडला. मला मात्र तो बघताना काहीतरी हरवल्यासारखं वाटत राहिलं. झाड कुठलंही असू शकलं असतं. खालचा बांध नाही, मसूर नाही, खाचरांच्या पायऱ्या नाहीत. तो फोटो मी ठेवलाय, पण आत्याला दिला नाही.

दिला तो तिसऱ्या सकाळचा. सव्वासातचा उजेड उजव्या बाजूने, म्हणून खोडावरचे काटे अर्धे उजळ, अर्धे काळे. काटे लांबून पुटकुळ्यांसारखे दिसतात. जवळून प्रत्येक काटा म्हणजे बुडाशी रुंद, टोकाला अणकुचीदार असा छोटा डोंगरच असतो. दगडापासून वीतभर डावीकडे बसलो तर तार दुसऱ्या थरातल्या फांदीवर नेमकी आडवी बसली. जांबोटीचे मामा, तुम्ही सांगितलं नसतं तर मला सुचलं नसतं. कॅमेरा उभा धरला. खाली एक चतुर्थांश भागात बांध आणि मसूर, कारण बुंधा कापला की झाड हवेत लटकतं. वर शेंड्यावर थोडं आकाश मोकळं सोडलं. फांद्यांच्या टोकांना कळ्या धरायला लागल्यात, मिरीएवढ्या, तपकिरी. मोठं करून बघितल्यावरच दिसल्या.

सरांचे तुकडे मोजले. पहिल्या आणि दुसऱ्या थराच्या मध्ये सात मोकळे आहेत. आधीच्या फोटोत एकही नव्हता.

प्रिंटचं एक सांगायचं राहिलं, कुणाच्या उपयोगी पडेल. पहिल्यांदा जिथे दिली तिथे त्यांनी न विचारता ८ बाय १० वर काढली आणि वरची टोकं छाटली गेली. माझ्या कॅमेऱ्याची फ्रेम तीनास दोन, म्हणून ८ बाय १२ किंवा १२ बाय १८ सांगायला हवं होतं. कळ्या असलेली टोकंच गेली, त्या दिवशी फार वाईट वाटलं. दुसरीकडे १२ बाय १८ करून घेतली, मॅट कागदावर.

कॅम्पकरीण | रविवार, रात्री ९.१०

आत्या काय म्हणाल्या?

शिवारवाट | रविवार, रात्री ९.३५

बराच वेळ काही बोलली नाही. चष्मा लावला, फोटो उजेडाकडे नेला. मग डावीकडे पहिल्या थराखाली खोडावर एक गाठ आहे, जी मी इतक्या वेळा बघूनही कधी नीट बघितली नव्हती, तिच्यावर बोट ठेवलं. म्हणाली, "ही गाठ दिसालीय बघ. इथली फांदी तुझ्या मामांनी तोडलेली, शिमग्याला. होळीला सावरच लागते म्हणून. मी रागावले होते त्यांना, दोन दिवस बोलले नाही."

मामा, म्हणजे आत्याचे यजमान, जाऊन एकोणीस वर्षं झाली. फोटो सोप्यात लावलाय, दारासमोरच्या भिंतीवर.